वर्ग सोपवताना

जोसाया, चाव्या नाहीत द्यायला.
या वर्गाला दार नाही,
खडूची धूळ खाल्लेला पंखाही नाही.
पासवर्ड तेवढा आहे, तो मेलनं पाठवलाय.
बाकीचं इथं लिहिते,
लॅपटॉपमध्ये बावीस टक्के आहेत तोवर.

सोमवारी सकाळी नऊला तास. आपला, सुवाचा सोमवार.
न्युएवर तेव्हा रविवार असतो,
फिसा पांढरा झगा घालून चर्चमध्ये बसलेली असते.
पहिल्या वर्षी मी तिची सलग पाच वेळा गैरहजेरी मांडली.
सहाव्या आठवड्यात तिनं लिहिलं,
बाई, तुमचा सोमवार आमच्याकडे पोचायला एक दिवस लागतो.
तेव्हापासून तोच तास बुधवारी पुन्हा घेते.
वेळापत्रकात नुसता वार लिहू नकोस.
कुणाचा वार, तेही लिही.

आवाज रेकॉर्ड करून पाठव, आठ मिनिटांचा.
नववं मिनिट कुणाच्या तरी पावाच्या पैशातून जातं.
किती मेगाबाइट म्हणजे किती पाव,
हे पहिल्याच आठवड्यात विचारून घे,
बेटागणिक भाव वेगळा.
तुझ्या रंगीत स्लाइडी सुरेख असतील, शंका नाही.
त्या उतरता उतरता
फुनाफुटीवर लोटोआलाची संध्याकाळ संपते.

कॅमेरा लावा म्हणून हटून बसू नकोस.
मी बसले होते.
रोलेनासनं लावला.
तिच्या मागे फुलांची चादर, ताणलेली, सरळ,
आणि चादरीच्या दोन टोकांना
दोन छोटी बोटं.
कुणीतरी उभं होतं मागे, घर झाकत,
अख्खा तास.
मी प्रमाण विचलन शिकवत होते.
मध्येच चादर थोडी खाली यायची, पुन्हा वर जायची.

प्रश्न विचारलास की अळीमिळी गुपचिळी.
घाबरू नकोस, उत्तराला उपग्रहापर्यंत जाऊन यायचं असतं.
मनात वीस अंक मोज.
मी बाराव्यालाच स्वतः उत्तर देऊन टाकायचे,
पंधराव्याला कुणाचा तरी आवाज यायचा, "बाई, सांगू?"
आणि लगेच, "सॉरी."
ते सॉरी माझ्या तोंडी शोभलं असतं.

आता माशांचं गणित. पान चौदा.
जुनं शोधू नकोस, बदललंय.
बेटिओच्या बाजारातल्या पन्नास माशांची वजनं,
काढा सरासरी. अकरा वर्षं मी हेच देत आले.
ब्वेनाउआचा कागद फोटो काढून आला,
त्यावर अक्षरं दोन.
वर त्याचं: दोन किलो तीनशे. बरोबर.
खाली त्याच्या आईचं, गिल्बर्टीजमध्ये. भाषांतर त्यानंच केलं होतं, लाजत:
बारका मासा आम्ही घरीच खातो.
थोरला निघाला तर थोरल्या दिराकडे जातो.
बाजारात येतो तो मधला.
तुझ्या बाईंना विचार,
सरासरी समुद्राची काढतायत की टोपलीची?

मी खुर्ची मागे सरकवून उठले.
नमुना निवड, व्याख्या, तीन प्रकार,
सगळं तोंडपाठ होतं मला.
गुण कुणाच्या नावावर चढवायचे?
प्रणालीच्या रकान्यात नाव एकच मावतं.
तेव्हापासून प्रत्येक स्वाध्यायाखाली एक ओळ असते:
हे घरात कुणाला तरी सांगून बघा,
ते काय म्हणाले तेही लिहा.
विभागप्रमुख विचारतील, याला गुण कशाचे.
पान चौदा दाखव.

यादीत टेबाओ नावाचा एक मुलगा आहे,
करडं वर्तुळ, फोटो नाही.
सत्रभर बोलला नाही, काही पाठवलं नाही.
कधी रात्री अडीचला हिरवा होतो, क्षणभर,
मग पुन्हा करडा.
का ते मला कळलं नाही, आणि मी सोळा वेळा विचारलं.
बहुतेक तेच चुकलं.
नाव काढू नकोस.
आठवड्याला एक ओळ पाठवत जा,
जिच्या शेवटी प्रश्नचिन्ह नाही अशी.

नऊ टक्के.
पासवर्डातला शेवटचा अंक शून्य आहे, ओ नाही.